खुर्चीवरची पर्स

परळच्या आमच्या लॅबमध्ये मी वाकड्या पाठकण्यांची कॉम्प्युटरवर मॉडेलं बनवते. त्यासाठी मापं द्यायला गिरगावातल्या एक बाई नेहमी येतात. त्यांचा कणा लहानपणापासून एका बाजूला झुकलेला. "सरळ उभ्या राहा" म्हटलं की ठसक्यात म्हणतात, "ही सरळच आहे मी." बसायला खुर्ची दिली तर तिच्यावर पर्स ठेवतात, स्वतः उभ्याच.

काल त्यांना त्यांचं मॉडेल दाखवलं. मॉडेलच्या खांद्यावर पर्सएवढं वजन दिलं मात्र, पडद्यावरचा कणा कोलमडला. मी घाईघाईने स्क्रीन बंद करायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. खुर्चीवरची पर्स उचलून खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "मी उभी आहे ना? मग तुमचं काहीतरी राहिलंय. घ्या परत मापं."