समुद्राखालच्या गॅसचा आलेख

सुरतजवळ हजीऱ्याला नोकरी लागली तेव्हा मी नेमकं काय करते हे आमच्या नवागामच्या गल्लीत कुणालाच कळलं नाही. खरं सांगायचं तर पहिले काही महिने मलाही कळत नव्हतं. खानदेशातून सुरतेला येऊन लूमवर काम करणाऱ्याची मुलगी गणितात बी.एस्सी. झाली आणि गॅसच्या हापिसात लागली, एवढं सगळ्यांना पुरे होतं. कॉम्प्युटरच्या खोलीत एसी असतो आणि चपला बाहेर काढून आत जावं लागतं, हे ऐकून आईला जागा एकदम पटली.

काम असं होतं. समुद्राखालच्या विहिरींतून किती गॅस काढला आणि आत किती दाब उरला, याचे आकडे दर महिन्याला यायचे. ते कॉम्प्युटरवर चढवायचे, त्यातून एक रेघ काढायची आणि ती पुढे वाढवत न्यायची. रेघ तळाला टेकली की तिथे साठा संपला. हे मला साहेबांनी शिकवलं. ते पन्नाशीचे सुरती गृहस्थ होते, जाड चष्म्याचे आणि खाण्याचे शौकीन. पहिल्यांदा मी एकटीने काढलेली रेघ तळाला टेकली, तेव्हा ही बातमी कधी एकदा घरी सांगते असं मला झालं.

जेवताना सांगूनच टाकलं. समुद्रातला गॅस पंधरा-वीस वर्षांत संपणार, आणि हे मी स्वतः काढलंय.

नेमका त्याच आठवड्यात आमचा सिलिंडरचा नंबर लागला होता. वडिलांनी नाव नोंदवलं तेव्हा मी शाळेत होते. इतकी वर्षं वाट पाहिल्यावर ते खुशीत होते. आईने माझं बोलणं नीट ऐकून घेतलं, स्टोव्हवरच्या तव्यातली भाकरी उलटली आणि शांतपणे म्हणाली, "सरनार शे ना? मंग माले नको तो गॅस."

तिचं म्हणणं असं की एकदा हाताला गॅसची सवय लागली की पुन्हा स्टोव्हला पंप मारणं जीवावर येईल. त्यापेक्षा आहे ते बरं. वडिलांनी रॉकेलच्या रांगेची आठवण करून दिली. मी फरशीवर खडूने आलेख काढला आणि उतार किती हळू आहे ते दाखवायला लागले. ती उतरत्या रेघेवर बोट ठेवत म्हणाली, "हाई ते खालेच जाई रायनी." वडील ताट घेऊन मोरीकडे गेले. ते हसत होते, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

दोन दिवसांत ही बातमी नळावर पोचली. शेजारी अमरावतीकडच्या एक काकू राहायच्या, त्यांचाही नंबर यायचा होता. मी कामावरून आले, तर त्या ओट्यावर माझी वाट बघत बसल्या होत्या. नाव काढून घ्यावं का, असं त्यांनी मला इतक्या काळजीने विचारलं, की मला माझ्या रेघेची पहिल्यांदाच धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग चष्मा पुसत म्हणाले की तू घरच्यांना वर्ष सांगितलंस, पण अटी सांगितल्याच नाहीस. आणि रविवारी ते स्वतःच आमच्याकडे जेवायला आले.

आईने शेवभाजी केली, खानदेशी तिखटाची. साहेबांचं कपाळ घामाने भिजलं, तरी त्यांनी वाटी दोनदा पुढे केली. काकूही येऊन दाराशी बसल्या. जेवण झाल्यावर आईने सरळ वर्षच विचारलं, "सांगा साहेब, गॅस कवय सरी?"

"बेन, ए तो अमारो अंदाज छे," साहेब म्हणाले.

मग त्यांनी गुजरातीतच समजावलं. आज काढतो तेवढाच गॅस काढत राहिलो आणि नवी विहीर लागलीच नाही, तर ही रेघ खरी. यातलं एक जरी बदललं तरी रेघ बदलते. आणि साठा एका सकाळी अचानक संपत नाही, आधी वर्षानुवर्षं कमी होत जातो. आईने विचारलं, तुमच्या घरी काय आहे? ते म्हणाले, गॅस. आणि तो परत करतो म्हटलं तर बायको मला घरात घेणार नाही. आई खळखळून हसली, काकूही हसल्या, आणि नंबर सोडायची गोष्ट तिथेच मिटली.

सिलिंडर आला त्या दिवशी वडिलांनी लूमवरची पाळी बदलून घेतली. पहिला चहा त्यांनी केला. साखर जास्त झाली होती, तरी सगळ्यांनी कप रिकामे केले.

हापिसात मात्र त्या रविवारनंतर मी एका रेघेवर थांबत नसे. वापर वाढला तर एक, तसाच राहिला तर दुसरी, नवी विहीर मिळाली तर तिसरी, अशा तीन काढायची. काही महिन्यांनी आलेला दाब तिन्हींच्या वर निघाला. म्हणजे आत आम्हाला वाटलं त्याहून जास्त गॅस होता, आणि मी तिन्ही ठिकाणी चुकले होते. रडवेली होऊन मी कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी आकडे पुन्हा तपासले, खिडकीशी जाऊन शिपायाला हाक मारली आणि सगळ्या विभागासाठी गरम लोचो, डाळीचा तो मऊ सुरती नाश्ता, मागवला. म्हणाले, अशी चूक रोज होत नाही, आधी खाऊन घे. मी दोन प्लेटी खाल्ल्या आणि हात धुऊन नवीन रेघा काढायला बसले.