चष्मा हातात होता

ईरा, नील, हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. परवा ईरा फोनवर म्हणाली, तिच्या शाळेत नाटकाच्या तासाला बाई स्वतःच पात्र होतात. आजी, तूही असंच शिकवायचीस ना? मी हो म्हणाले आणि जेवलीस का, असं विचारलं. तेव्हापासून लिहायला बसते — आणि उठते.

ही पद्धत मी प्रशिक्षणात शिकले होते. बाईंनी भूमिकेत शिरायचं, मुलांनीही पात्र होऊन त्यांच्याशी बोलायचं. नियम एकच: भूमिका कधी सुरू झाली, कधी संपली, हे मुलांना दिसलं पाहिजे. माझी खूण चष्म्याची. डोळ्यांवर असला की मी तहसीलदार. काढला की त्यांच्या बाई.

त्या दिवशी मागच्या बाकावर तपासणीला आलेले पाहुणे होते. आठवीचा वर्ग. प्रसंग कोरड्या विहिरीच्या गावाचा. वनिता तक्रार घेऊन पुढे आली. पारशिवनीकडची, नागपुरात मामाकडे राहून शिकणारी, एरवी तोंड न उघडणारी मुलगी. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "म्याडम, आमच्या विहिरीले पाणी नाही. तुम्ही पाहाले काहून नाही आले?"

पात्र होऊन कुणी असं थेट विचारावं, हेच तर हवं होतं ना मला? — पण मला ऐकू आलं ते फक्त 'विहिरीले'. पाहुणे काय म्हणतील? मी चष्मा काढला आणि म्हणाले, "आधी नीट मराठी शिक. मग पाणी माग."

मुलं हसली. वनिता तास संपेपर्यंत उभीच राहिली.

पाहुण्यांना चष्म्याची खूण माहीत नव्हती; त्यांना वाटलं, तहसीलदार बोलली. त्यांनी वाखाणलं — मी वाखाणू दिलं. मधल्या सुटीत वनिता आली. हळूच म्हणाली, "चष्मा त तुमच्या हातात होता नं, बाई?"

कोण बोललं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. "नाही," मी म्हणाले. "डोळ्यांवर होता. ते पात्र बोललं."

ती बरं म्हणाली. त्यानंतर नाटकाच्या तासाला ती पडदा ओढायचं काम मागून घ्यायची.

पाहुण्यांनी त्या पाठाचं टिपण मागितलं. मी लिहिलं. तिच्या उभं राहण्याला 'भूमिकेशी एकरूपता' असं नाव दिलं. एकदा लिहिल्यावर मागे कसं फिरणार? दरवर्षी नव्या शिक्षकांना तेच समजावत राहिले — दोन वर्षं तर वनिता त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर बसत होती.

मी निवृत्त झाले. ते टिपण अजून शाळेत आहे. नव्या शिक्षकांना ते आजही वाचायला देतात. त्यात वनिताचा चष्म्याचा प्रश्न नाही. तिचं उभं राहणं तेवढं आहे.