बाळसं नव्हे, सूज

रंजनामॅडम गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी हडपसरला, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये, मायक्रोस्कोपखाली शेवाळाच्या पेशी मोजत होते. मोजणी मध्येच सोडली तर पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, म्हणून पूर्ण केली... मग रडले. मॅडमना हाच क्रम पटला असता.

त्या माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक. शेतातलं तणनाशक कालव्यात उतरलं की तिथल्या शेवाळातल्या मेदाम्लांचं, म्हणजे त्याच्या तेलाचं, काय होतं, हा आमचा विषय. पहिल्याच वर्षी, तणनाशक घातलेल्या बाटलीतल्या एकेका पेशीत तेल वाढलेलं दिसलं आणि मी जवळजवळ धावतच गेले. "मॅम, गुड न्यूज!"

"पेशी किती उरल्यात?"

"निम्म्या."

"मग हे बाळसं नाही, सूज आहे."

"बाळसं म्हणजे?"

"इंग्लिश मीडियम!" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, गुटगुटीत बाळाचं असतं ते बाळसं. आजाऱ्याचा चेहरा फुगतो ती सूज. तुमच्याकडे दोन्हीला फॅटच म्हणत असतील!"

त्यांचं खरं होतं. पेशींची वाढ थांबली होती, म्हणून तेल नुसतं साचत होतं. माशांच्या पिल्लांना लागणारी मेदाम्लं तर उलट घटली होती.

पुढे आजारपणात औषधांनी मॅडमचा चेहरा फुगला. भेटायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "तब्येत छान सुधारली हो!" मॅडम माझ्याकडे वळल्या. "सांग गं यांना." आम्ही दोघी इतक्या हसलो, की बाई बिचाऱ्या चहा न घेताच उठल्या.

मॅडमनंतर माझं काम एका सरांकडे गेलं. मॅडमबरोबर लिहिलेला पेपर वाचून ते म्हणाले, "तेल वाढलं, एवढंच ठेवू. पेशींचं नंतर बघू. मॅडम आता नाहीत, जरा प्रॅक्टिकल व्हा."

"मॅडम गेल्या म्हणून पेशी जिवंत झाल्या नाहीत, सर."

हे मी बोलले. वर्गात हजेरीलाही जिचा आवाज फुटत नसे, ती मी.

"मग माझं नाव काढा."

काढलं. पेपरवर आता दोनच नावं आहेत. मॅडमच्या नावापुढे 'दिवंगत' लिहावं लागतं, लिहिलंय. परवा त्यांची खुर्ची सरांच्या केबिनमध्ये न्यायला शिपाईकाका आले होते. ती खिडकीपाशीच राहील, असं मी सांगितलं. आता तिच्यावर मी बसते. पेपरबद्दल ज्यांना शंका असतील, त्यांनी तिथे यावं.