एकवीस नंबरचं गुडघाभर पाणी

तळ्यानं पट्टीकाकांची काठी गिळली, ही कुजबूज नदीकाठच्या त्या वस्तीत बरीच वर्षं फिरत होती. कोणी म्हणे, खालून हात आला, शेवाळलेला, आणि त्यानं काठी हिसकली. न्हावी म्हणे, हात नव्हे, केस होते. आणि केसांतलं न्हाव्याला जास्त कळणार, म्हणून त्याचंच म्हणणं जास्त चाललं. त्या दिवशी काका एकाच पायात बूट, मानेपर्यंत चिखल, अशा अवतारात खाणीकडे धावत सुटले होते, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

पट्टीकाका हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. मोजणी खात्यात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. खिशात पैशाचं पाकीट नसेल, पण टेप असायचीच. बायको अजून सांगते, "मला बघायला आले तेव्हा माझ्याकडे कमी आणि आमच्या खिडकीकडे जास्त बघत होते. चौकट अर्धा इंच तिरकी आहे म्हणे! मी सरळ होते, ते कोण बघणार?"

अशा माणसाला पाण्याची भीती होती. लहानपणी थोरल्या भावानं गमतीत कालव्यात मुंडी दाबून धरली होती. गंमत भावाची झाली. ह्यांच्या छातीत ते पाणी कायमचं साठून राहिलं. नळाखाली डोकं द्यायचे नाहीत. तांब्यानं अंघोळ, तीही एक डोळा उघडा ठेवून. हे घरातल्या दोघींनाच ठाऊक होतं, बायकोला आणि लेकीला. बाहेर कळलं असतं तर लोकांनी हसून हसून जीव घेतला असता, कारण काकांचं काम होतं पाणी मोजायचं.

नदीकाठी खाण खोदायची ठरली, तेव्हा आधी तिथलं सगळं पाणी कागदावर आणायचा हुकूम निघाला. तळी, ओहोळ, पाणथळ जागा, एकही सोडायची नाही. नियम सोपा होता. कमरेच्या वर पाणी असलं तर ते तळं, त्याच्याभोवती दोनशे मीटर कुदळ लावायची नाही. त्याहून कमी असलं तर डबकं. आणि डबक्याला नकाशात कोण विचारतो? काकांच्या हातात मोजायची काठी असे. नाव काठी, पण होती लोखंडी नळी, लालपांढऱ्या पट्ट्यांची. काका काठावर उभे राहत, हात लांब करून काठी आत रोवत, टेकली की आकडा लिहीत. मध्यभागी जायचं तर "कशाला उगाच पाणी गढूळ करा?" म्हणत. एकवीस नंबरला लव्हाळ्यात काठी घातली, ती गुडघाभर पाण्यात जाऊन टेकली. वहीत नोंद झाली: गुडघाभर, डबकं. खाली सही. नकाशावरचा निळा ठिपका पुसला गेला.

तिथं गवत कापणारी एक म्हातारी होती. ती तेव्हाच म्हणाली होती, "अरे पट्टी, उंबऱ्यावरून बघून सासर कळतं का? आत जा की!"

"आजी, तुझी जीभ मोजायला माझी काठी पुरायची नाही," काका हसून म्हणाले आणि घाईघाईनं बावीस नंबरकडे वळले.

तीन वर्षांनी लेक त्याच खाणीत पंपावर लागली. खड्ड्याच्या तळाशी तिचं काम. साचलेलं पाणी वर फेकायचं. पोरगी बापाच्या उलट, पाण्यात मासोळी. एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "बाबा, पंप आधी दोन तास चालायचा, आता अकरा तास चालवतेय. उत्तरेकडची भिंत पाझरतेय. साहेब म्हणतात, पावसाचं मुरलेलं पाणी."

"दोन महिने पाऊस कुठंय?" बायको म्हणाली. "तुमच्या साहेबाला घाम फुटला असेल."

दोघी हसल्या. काकांचा घास हातातच राहिला. उत्तरेकडे काय आहे, ते त्यांना पाठ होतं. उत्तरेकडे काहीच नव्हतं. त्यांनीच पुसलं होतं.

सकाळी लेक डबा घेऊन कामावर गेली, आणि तिच्या मागोमाग काका काठी घेऊन निघाले. लव्हाळ्याशी म्हातारी होतीच.

"आज आत जाणार वाटतं? मागं माझी म्हैस गेली होती. अजून आली नाही."

"आजी, हे तू तेव्हा का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कुठं? तू तुझ्या लोखंडाला विचारलंस."

काकांनी गुडघाभर पाण्यात पाऊल टाकलं. पायाखालची जमीन कापसाच्या गादीसारखी दबली आणि दहा पावलांवरचं लव्हाळं हललं. आणखी एक पाऊल. पुन्हा सगळं डोललं. तेव्हा काकांना उमगलं: ही जमीन नव्हतीच. मुळांची वीतभर जाड जाळी पाण्यात अधांतरी तरंगत होती, आणि तीन वर्षांपूर्वी काठी टेकली होती ती तिच्यावर. परत फिरायला पाय आतुर होते. पण लेक आत्ता तळाशी उतरली असेल, हेही डोक्यातून जाईना. काकांनी डोळे मिटले, दोन्ही हातांनी काठी उचलली आणि जाळीत खुपसली.

जाळी फाटली. काठी गेली. एक पट्टा, दुसरा पट्टा, कोपर, खांदा. गार पाण्यात काकांचा हात बगलेपर्यंत बुडाला आणि ओल्या मुठीतून काठी सुटली. मागोमाग काकाही डोक्यासकट आत. खाली पायाला काहीच लागेना. बूट गेला. नाकातोंडात तेच जुनं कालव्याचं पाणी. लव्हाळ्याचे झुबके धरून, पोटावर सरपटत ते काठाला कसे आले, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. म्हातारीला एवढंच दिसलं की काठी सर्रकन खाली गेली आणि माणूस बोंबलला. तिला तेवढं पुरेसं होतं.

खाणीच्या ऑफिसात साहेब चहा पीत होते. "काका, फरशी! आत्ताच पुसलीय हो."

"साहेब, माणसं वर काढा. एकवीस नंबर खोटा आहे."

साहेबांनी फाईल काढली, पान उलटलं. "गुडघाभर. सही तुमचीच ना?"

"माझीच. मी आत गेलोच नव्हतो."

"मग तसं लेखी द्या. डबक्यासाठी भोंगा वाजवला तर वरचे मला सोलतील."

काका लेखी द्यायला थांबले नाहीत. खड्ड्याच्या कडेला गेले आणि हाक मारली. पंपाच्या आवाजात ती बुडाली. खाली लेकीनं मात्र वर पाहिलं. कडेला तिचा बाप उभा होता, केसांतून पाणी गळत होतं, कानात लव्हाळं. नळाखाली डोकं न देणारा बाप, डोक्यासकट भिजलेला. तिनं पंप तसाच चालू ठेवला आणि ओरडली, "सगळे वर! आत्ता! हत्यारं राहू द्या!"

"तुझ्या बापानं अंघोळ केली म्हणून आम्ही काम सोडायचं?" कोणीतरी खवचटपणे म्हणालं.

"हो," ती म्हणाली. "त्यासाठीच."

तेवीस माणसं कुरकुरत वर आली, सगळ्यांत शेवटी ती. डबे उघडले, भाजीवरून थट्टा सुरू झाली. तेवढ्यात उत्तरेची भिंत बसली. आवाज फार मोठा नव्हता. पाणी मात्र संध्याकाळपर्यंत येतच राहिलं. पंप अजून खालीच आहे.

काकांनी लेखी दिलं. नोकरी गेली. साहेबांनी तो कागद फाईलीत असा घातला की पुन्हा कोणाला दिसला नाही. वस्तीत मात्र हात आणि केस राहिले, आणि काकांनी ते कधी खोडून काढले नाहीत.

काठी कोणी ओढली नव्हती. काठी बारा फुटांची होती आणि तिथं पाणी एकोणीस फूट होतं. पट्टीकाकांनी गुडघाभर लिहिलं होतं, कारण त्यांना पाण्याची भीती वाटत होती.