रूथचा पिठल्याचा डबा

मागच्या रविवारी उपासना संपवून घरी आले, चपला काढते न काढते तोच रूथचा व्हिडिओ कॉल आला. ती दर रविवारी करते, पण जेवणानंतर. इतक्या लवकर आला म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं कळलं...

रूथ माझी मुलगी. काही महिन्यांपूर्वी मिशनच्या कामासाठी आफ्रिकेत गेली, मलावीतल्या एका खेड्यात. काम म्हणजे फार मोठं काही नाही. सकाळी हापशावर रांग, मग मुलांचा गाण्याचा आणि अक्षरांचा वर्ग, दुपारी आजाऱ्यांच्या घरी जाऊन बसणं, संध्याकाळी प्रार्थना. ती सांगते तेव्हा मला आमचं संतपूरच दिसतं... फक्त तुरीच्या जागी मका.

त्या दिवशी तिचे डोळे सुजलेले होते. "आई, मी परत येऊ का?" एवढंच म्हणाली.

खरं लिहायचं तर मला आनंद झाला. तिला पाठवताना सगळ्या मंडळीसमोर उभी राहून, देवाच्या कामाला खुशीनं देते, असं मीच म्हणाले होते. आणि आता मनात पहिला विचार आला तो तिच्या कपाटातलं माझं सामान काढून ते तिच्यासाठी रिकामं करण्याचा. का रडतेस, हे विचारायचं मला नंतर सुचलं.

तेवढ्यात शेजारच्या कमळअक्का कढीपत्ता न्यायला आल्या आणि सवयीनं फोनमध्ये डोकावल्या. "काय गं पादरीणबाई, तिथं भाकर मिळती का नुसती गाणीच म्हणायलीस? किती वाळलीस!" रूथ हसली नाही. मग अक्काही गंभीर झाल्या. "कामून रडायलीस? करमत नसंल तर ये की घरी. कुणी बांधून ठेवलंय तुला?"

मला अक्कांचा फार आधार वाटला... माझ्या मनातलं त्या बोलल्या होत्या.

मग रूथनं सांगितलं. तिच्या वर्गात येणाऱ्या एका मुलीची आजी वारली होती. रूथ तिथं राहायला गेल्यापासून त्या गावातली ही पहिलीच मयत.

आमच्याकडे माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारचे भाकरी-पिठलं घेऊन जातात आणि दोन घास खायला लावतात. कमळअक्कांचे मालक गेले तेव्हा लहानगी रूथच भाकरीची टोपली घेऊन त्यांच्याकडे गेली होती. ते बौद्ध, आम्ही ख्रिस्ती... असल्या वेळी ते कुणी बघत नाही.

तिनं तिथंही तेच केलं. मक्याच्या भाकऱ्या थापल्या, इथून नेलेल्या बेसनाचं पिठलं केलं. डबा त्या घराच्या दारात ठेवला, प्रार्थना केली आणि घरच्यांना त्रास नको म्हणून लगेच उठून आली.

डब्याला कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी बायकांनी तिच्याकडे बघणंही सोडलं. तिच्यासोबत काम करणाऱ्या तिथल्याच एका ताईंनी मग सांगितलं... तिथं रीत उलटी आहे. बायका कोरडं पीठ आणि सरपण घेऊन मयताच्या घरी जातात, त्याच अंगणात रांधतात आणि सगळे तिथंच जेवतात. जो आपलं शिजवलेलं वेगळं आणतो आणि न जेवता निघून जातो, त्याला त्यांच्या हातचं चालत नाही असा अर्थ होतो.

"आई, त्यांना वाटलं मी त्यांच्या हातचं खात नाही... मी! आपण!"

कमळअक्कांनी हातातला कढीपत्ता पलंगावर ठेवला. त्यांच्या आणि माझ्या, दोघींच्याही घरातल्या जुन्या माणसांना गावात चहा वेगळ्या कपात मिळायचा. तो कप धुऊन पुन्हा वळचणीला ठेवायलाही त्यांनाच सांगायचे. आम्ही दोघी यावर कधी बोलत नाही.

"ये" म्हणायची हीच वेळ होती. पोरगी तयार होती, अक्का माझ्या बाजूनं होत्या. पण ती अशी आली असती, तर तो अर्थ त्या गावात कायमचा राहिला असता.

"बायका अजून जमायल्यात का तिथं?" मी विचारलं.

"व्हय. अजून दोन दिवस आहेत."

"मग पीठ घेऊन जा. भांडी घासायला बस. त्यांनी वाढलं की जेव... आणि मग यायचं का ते ठरव."

"आणि वाढलंच न्हाई तर?"

"तर उपाशी बस. पण उठून येऊ नकोस."

फोन ठेवल्यावर अक्का म्हणाल्या, "लई कठोर झालीस गं." कढीपत्ता तसाच विसरून गेल्या. दुपारभर मला वाटत होतं, मी कोण तिला उपाशी बसवणारी? हे मी तिच्यासाठी बोलले, की चर्चमध्ये मान खाली जाऊ नये म्हणून? अजूनही नक्की सांगता येत नाही.

मंगळवारी तिचा व्हॉइस मेसेज आला. मागे भांड्यांचा आवाज, बायकांचा गलका. पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी एका म्हातारीनं पीठ घोटायची लाकडी पळी तिच्या हातात दिली. "केवढी मोठी असती माहितंय का आई! माझं घोटणं बघून सगळ्या हसायल्या. मग त्या म्हातारीनं तिच्याच ताटात मला जेवायला बसवलं... उद्या पाण्याला लवकर ये म्हणाली."

परत येण्याबद्दल एक अक्षरही नव्हतं. तेवढंच शोधायला मी तो मेसेज पुन्हा ऐकला.

आज चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या वेळी मी उभी राहिले. रूथ तिथंच राहतेय, असं सांगितलं. सगळे एका आवाजात आमेन म्हणाले.

माझं जरा मागाहून आलं... पण आलं.