कर्जतच्या शिट्ट्या आणि नानांची व्हॅन

एका व्हॅनवर इतक्या भानगडी कशा होतात, असं मला सगळे विचारतात. अहो, तेव्हा गावोगाव टीव्ही नाही, मग साबण-पावडर खपवायची कशी? व्हॅनवर भोंगा लावून! बोलायचं मुंबईच्या ऑफिसने लिहिलेलं, ऐकायचं कर्जतच्या बाजाराने. मग किस्से नाही साठणार तर काय!

मी दादरचा, व्हॅनवर नवाकोरा मदतनीस. नाना आमचे अनाउन्सर. आवाज असा की माइक नुसता शोभेला!

पहिलाच दिवस. पावडरची जाहिरात. कुणीतरी इंग्रजीवरून मराठी केलेली. नाना एकदा वाचायला लागले की ब्रेक नाही. "भगिनींनो, आमची पावडर लावा, गाल गुलाबी, कपाळ पांढरं!"

मग भाजीच्या पाट्यांमागून एक बाई उठली. "नवरा जित्ता हाय माजा! कुनाचं कपाळ पांढरं करतोस रं मेल्या?"

तिच्यामागे आणखी दहा-बारा उठल्या. आम्ही काचा वर केल्या आणि सुटलो!

ऑफिसात बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "आणखी एक तक्रार, की व्हॅन जमा. तुम्ही दोघं घरी." मला ठीक होतं हो, पण पन्नाशीच्या नानांना कोण घेणार? तेव्हापासून प्रत्येक गावात शिरताना मी आधी पळायची वाट बघून ठेवायचो!

एका घराच्या भिंतीवर आम्ही टॉनिकची जाहिरात रंगवली होती. वर टॉनिकचं नाव, मधे 'चक्कर, मळमळ, अशक्तपणा', खाली 'कायमचे पळवा!' टॉनिकवाले शेट गाडीतून भिंत बघायला आले. आम्ही बघतो तर काय, गौरी यायच्या म्हणून घरच्या काकूंनी भिंत सारवलेली. हात पोचला तिथपर्यंत! खालची ओळ गायब!

शेटने हसून विचारलं, "काकू, घेता की नाही आमचं टॉनिक?"

"छ्या! मला वाचता येतंय!"

नानांनी बाह्या सरसावून तिथल्या तिथे ओळ पुन्हा रंगवली, तेव्हा कुठे शेट थंड झाले.

नेरळला गुलाबी दंतमंजन फुकट वाटलं. नेमकी पालखी निघालेली. लोकांना वाटलं, गुलाल! उधळला की! सगळी पालखी शिंकतेय, डोळे चोळतेय. एक पैलवान नानांपुढे येऊन उभा. "देवाचं दात घासायला आलास काय रं?" नानांनी घागरी आणून सगळ्यांना डोळे धुवायला पाणी दिलं, म्हणून तक्रार टळली.

आणि खालापूर! लोक रांगेत बिस्किटं खातायत, सगळं छान चाललेलं. नानांनी कागद उचलला तो दुसऱ्याच मालाचा. उंदराच्या औषधाचा! "एक तुकडा टाका, सकाळपर्यंत सगळे गार!"

अख्खी रांग चावायची थांबली. कुणाचा घास गालात, कुणाचा हातात. पुढचे आजोबा पांढरेफटक. "आदी सांगायचं ना रं! मी दोन खाल्ली!"

नानांनी सगळ्यांसमोर बचकभर बिस्किटं तोंडात कोंबली तेव्हा लोक हलले. पण तक्रार गेलीच. शेवटची संधी म्हणून पुढच्या डेमोला आमचे साहेब स्वतः हजर!

डेमो कुकरचा. जागा कर्जत स्टेशनसमोर. घाट चढायला प्रत्येक गाडीला मागून जादा इंजिन जोडतात ना, ते तिथेच. नाना गरजले, "तीन शिट्ट्या झाल्या की भात तयार!"

कुकर फुटेल म्हणून बायका लांब उभ्या, पण मोजायला सगळ्या पुढे. "एक!" "दोन!" नाना माइकवर बोलतायत, मी गर्दी आवरतोय, साहेब घड्याळ बघतायत. "तीन!"

नानांनी स्टोव्ह बंद केला. झाकण काढलं. वाफ नाही, काही नाही. पाण्यात कच्चे तांदूळ!

एका आजीने दाणा दाबून बघितला. "शिट्ट्या त्या इंजिनाच्या, बाबा. ह्यो अजून गप हाय."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "नाना, उद्या व्हॅन जमा करा."

नाना परत कुकरकडे वळले. झाकण लावलं, स्टोव्हला पंप मारला आणि कुकरपुढे बसून राहिले. साहेबांची मुंबईची गाडी यायची होती, बॅग हातात, मला झापणं चालू.

आणि शिट्टी झाली! जोरदार!

"गाडी!" साहेब बॅग घेऊन पळत सुटले. टोपी पडली तरी थांबेनात.

आजी मागून ओरडली, "ओ सायेब! गाडी नाय ती, आमचा भात हाय!"

साहेब रस्त्यात थांबले. टोपी उचलली. परत आले. हसायची कुणाची हिंमत नाही. आणखी दोन शिट्ट्या होईपर्यंत तसेच उभे. नानांनी भात वाढून ताटली पुढे केली. साहेबांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"नाना," ते म्हणाले, "पुढचा डेमो शिळफाट्याला घ्या. तिथे शिट्ट्या नाहीत, नुसते ट्रक आहेत."