हळूमामाने निवडलेला हेडसेट

नाव हळूमामा, पण माणूस असा की दोन मिनिटं एका जागी उभा राहिला तर लोक विचारत, बरं नाही का? चहा चालता चालता प्यायचा, जेवताना तीनदा उठायचा. लग्नाच्या फोटोत सगळे पाहुणे स्पष्ट आले आहेत, नवरदेवाचा चेहरा तेवढा हललेला आहे. हळूमामा हे बारसं कामाने केलं होतं. उंच इमारतींच्या बांधकामावर तो क्रेनचा सिग्नलवाला होता. चाळीस मीटर वर केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला खालचे कोपरे धड दिसत नाहीत, म्हणून खाली उभं राहून वॉकीटॉकीवर त्याला सांगावं लागतं, माल कुठे न्यायचा, किती उतरवायचा, कधी थांबायचं. एकोणीस वर्षं त्याने दिवसातून हजारदा "हळू, हळू" म्हटलं, आणि तेच त्याला चिकटलं.

या कामाचे दोन नियम त्याला झोपेतून उठवलं असतं तरी सांगता आले असते. पहिला असा की माल उतरत असताना सिग्नलवाल्याने बोलत राहायचं: खाली, खाली, हळू, खाली. तो बोलतोय तोवर दोर सुटतो. आवाज बंद पडला की वरच्याने त्याच क्षणी थांबवायचं, मग खालच्याला नुसता ठसका का लागलेला असेना. दुसरा नियम, "थांब" हा शब्द कोणाचाही चालतो. साइटवर झाडू मारणारी बाई ओरडली तरी सिग्नलवाल्याने आधी क्रेन थांबवायची आणि कारण मग विचारायचं.

वर केबिनमध्ये बसायचा तो त्याचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला या कामावर आणलं हळूमामानेच. दोघांचं जमायचं, म्हणजे साडूसाडूंचं जमतं तितकं. सासऱ्यांना आपल्यापैकी कोण जास्त आवडतो हा विषय सोडून बाकी सगळं ते बोलायचे. साडूची एक खोड मात्र हळूमामाला खटकायची. दिवसातून चार-पाचदा वॉकीटॉकीवर आवाज यायचा, "साडूभाऊ, जरा पुढे सरका, दिसत नाही."

"इतक्या वरून दिसत नाही? डोळे तपासून घे एकदा," हळूमामा चिडून म्हणायचा. सरकायचा मात्र.

तर झालं असं, की एकाच आठवड्यात एक वॉकीटॉकी ओल्या काँक्रीटमध्ये पडला आणि दुसऱ्यावरून लोखंडाची गाडी गेली. साइटच्या इंजिनिअर मॅडम म्हणाल्या, आता हे हातात धरायचे खेळ पुरे, हात मोकळे राहतील असे वायरलेस हेडसेट घेऊ. विक्रेता तीन नमुने ठेवून गेला. धूळ चालते, पाणी चालतं, पडलेलं चालतं, असं म्हणत त्याने तिन्ही सर्वांदेखत खांद्याच्या उंचीवरून जमिनीवर टाकून दाखवले होते. आठवडाभर वापरा आणि एक ठरवा.

"मामा, घालणार तुम्ही, तर निवडा तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

दुसरा कोणी खूश झाला असता. हळूमामाच्या तोंडचं पाणी पळालं.

चार वर्षांपासून त्याच्या डाव्या कानात एक रातकिडा बसला होता. कधी बारीक, कधी मोठ्याने, पण सुट्टी कधी नाही. कान आळशी झालाय, एवढंच त्याने स्वतःला सांगितलं होतं. मळ असेल. एखाद्या दिवशी आपोआप मोकळा होईल. दरवर्षी कामगारांची तपासणी व्हायची तेव्हा नेमकं त्याचं पोट दुखायचं. घरी कोणाला संशय नव्हता. नवऱ्याचा कान गेला हे बायकोला कळायला वेळ लागतो, कारण त्याआधीच्या पंचवीस वर्षांतही फारसा फरक नसतो. ती म्हणायची, "तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता." तोही ते कबूल करून मोकळा व्हायचा. बहिरेपणापेक्षा बेपर्वाईचा ठपका त्याला परवडत होता.

कारण त्याच्यासमोर गेटवरची खुर्ची होती. त्याच्या आधीच्या सिग्नलवाल्याची नजर अधू झाली, तेव्हा त्याला गेटवर बसवलं होतं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकचे नंबर लिहायचे. नुसतं बसायचं. येताजाता हळूमामा त्या खुर्चीकडे पाहायचा आणि भराभर पावलं उचलून पुढे व्हायचा. आपल्याला कोणी तिथे बसवलं तर आपण महिन्याभरात मरू, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं.

पहिल्या दिवशी त्याने एककानी हेडसेट लावला. एका कानावर वाटी, दुसरा उघडा. वाटी डाव्या कानावर लावली तर साडू ओल्या कापसातून बोलतोय असं वाटलं. उजव्यावर लावली तर साडू स्पष्ट आला, पण बाकी साइटला एकदम सुट्टी लागली. ग्राइंडर फिरतोय, ठिणग्या उडतायत, आवाज नाही. अर्ध्या तासात त्याने तो काढला. "हलका आहे, टिकणार नाही," तो म्हणाला. सर्वांदेखत आपटूनही न फुटलेल्या वस्तूबद्दल हे बोलणं जरा धाडसाचंच होतं.

दुसरा हेल्मेटलाच अडकायचा. दोन्ही कानांवर वाट्या, पण बाहेरच्या अंगाला बारीक माइक, त्यामुळे मिक्सरची घरघर दबायची आणि माणसाची हाक आत यायची. जाड हातमोजा घालूनसुद्धा बटण लागायचं. सकाळी लावला की पाळी संपेपर्यंत चार्जिंगची काळजी नव्हती. सगळ्यांना तोच आवडला. हळूमामाने त्याचा आवाज वाढवला, अजून वाढवला, आणि बटण अडलं. कानाला इजा होऊ नये म्हणून त्याला मर्यादा घातली होती.

"आवाज चढत नाही," तो म्हणाला आणि काढून ठेवला.

तिसरा काळा, जड, जुन्या धाटणीचा. कान गच्च बंद करायचा आणि आवाजाला काही धरबंध नव्हता. हळूमामाने बटण शेवटपर्यंत पिळलं, आणि साडू जणू त्याच्या खांद्यावरच येऊन बसला. चार वर्षांनी पहिल्यांदा त्याला साडूने नाक ओढल्याचं ऐकू आलं. रातकिडासुद्धा बुडाला. हळूमामाला इतका आनंद झाला की तो त्या दिवशी साइटभर धावतच होता.

साडूची मात्र कुरकुर सुरू झाली. "साडूभाऊ, हा माइक फार उघडा आहे हो. तुमच्या एका शब्दाबरोबर मिक्सर, ग्राइंडर, लोकांची भांडणं, सगळं वर येतंय. माझ्या कानाचं काय?"

"घालणारा मी आहे," हळूमामा म्हणाला.

इथेच तो चुकला. एकोणीस वर्षं जो दुसऱ्याचे डोळे होऊन जगला, त्याने हेडसेट निवडताना फक्त स्वतःचा कान पाहिला. पण भीती वाटायला लागली की माणसाला दुसरं काय सुचतं? घरी जाऊन तो बायकोला म्हणाला, काळाच घ्यायला लावणार, मग आठ-दहा वर्षं बघायला नको. तिने विचारलं, कशाला बघायला नको? तो दारातून अंगणात आणि अंगणातून दारात फेऱ्या घालत होता. त्याने ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, हे तिला नेहमीप्रमाणे कळलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी एका खांबाचा पिंजरा उतरवायचा होता. सळ्या बांधून केलेला दोन माणूस उंचीचा सांगाडा, तो जमिनीतून वर आलेल्या सळ्यांवर नेमका बसवायचा. बसवायला फिटर वाकून उभा होता, दोन्ही हात सळ्यांवर. हळूमामा चार हातांवर, डाव्या अंगाने त्याच्याकडे. नजर वर, पिंजऱ्याच्या माथ्यावर.

"खाली, खाली, हळू, खाली, खाली."

पिंजरा उतरत होता. हळूमामाचं तोंड सुरू होतं. आणि तो "खाली" म्हणत असतानाच पिंजरा थांबला. कचकन थांबला आणि जागच्या जागी डोलत राहिला.

"खाली, अरे खाली," हळूमामा म्हणाला. "का थांबलास? मी बोलतोय ना?"

त्याने वैतागून मान खाली केली. फिटर पांढराफटक पडला होता. त्याचा उजवा हातमोजा दोन सळ्यांमध्ये अडकला होता, आणि पिंजऱ्याचं टोक मनगटापासून दोन बोटांवर होतं. फिटरचं तोंड हलत होतं. हळूमामाने हेडसेट ओढून काढला तेव्हा कुठे त्याला ऐकू आलं, "...मामा, किती ओरडायचं माणसाने?"

हातमोजा कापून काढला. हात वाचला.

मग साइटवर कधी झालं नव्हतं ते झालं. साडू खाली उतरला. सकाळी डबा घेऊन वर गेलेला तो माणूस संध्याकाळशिवाय शिडीला पाय लावत नसे. आज तो भर कामात एकेक पायरी उतरत आला, लोक माना वर करून बघत राहिले. तो हळूमामाला बाजूला घेऊन गेला, सिमेंटच्या गोण्यांच्या मागे, आणि नकळत त्याच्या उजव्या बाजूला उभा राहिला.

"तो तीनदा ओरडला," साडू म्हणाला. "मला ऐकू आलं. तुमच्या माइकमधून. तुम्ही तिथेच उभे होता."

"कान बंद होते रे. या काळ्यात कोणालाच बाहेरचं..."

"गेल्या महिन्यात कुठे होता काळा? ट्रक मागे येत होता, हॉर्न वाजवत, तुमच्या पाठीशी. मी काय म्हटलं?"

हळूमामा एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला. "पुढे सरका म्हणालास. दिसत नाही म्हणालास."

"मला सगळं दिसतं, साडूभाऊ. दोन वर्षं झाली, सगळं दिसतंय." साडूने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. "वाटलं, आपण आहोत ना वर, सांभाळून घेऊ. तुम्ही मला या कामावर आणलंत, मी कसं तोंड उघडू? आज मी डब्याचं झाकण काढत असतो तर त्याचा हात गेला असता. तुमच्याइतकाच मीही चोर आहे यात. आता तुम्ही सांगा मॅडमना. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन. तोवर दोर हलायचा नाही."

तो वर गेला नाही. शिडीच्या पायथ्याशी बसला. क्रेन हवेत हात पसरून उभी राहिली, आणि हळूहळू सगळी साइट थंडावली. हळूमामा चालत होता. गोण्यांपासून पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीपासून गेटपर्यंत. गेटवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, काय झालं रे? त्याने नुसता हात हलवला. म्हाताऱ्याच्या खुर्चीवर दुमडलेलं पोतं घातलेलं होतं, बसून बसून त्यात खड्डा पडला होता. त्याला राग आला. साडूचा, फिटरचा, त्या विक्रेत्याचा, या कानाचा. मग फिटरचा पांढरा पडलेला चेहरा आठवला आणि सगळा राग जिरून गेला. उरली नुसती लाज. अशी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती.

तो मॅडमच्या पत्र्याच्या ऑफिसात शिरला आणि दुसरा हेडसेट, हेल्मेटवाला, टेबलावर ठेवला.

"हा घ्या, मॅडम. बाहेरची हाक आत येते याच्यात. हातमोज्याने बटण लागतं. आणि वरच्याला विचारून घ्या, त्याला कसं ऐकू जातं ते. मी विचारलं नव्हतं."

"काळा आवडला होता ना तुम्हाला?"

"आवडला होता." तो दारापर्यंत जाऊन परत आला. "माझा डावा कान कमी ऐकतो. चार वर्षं झाली. मी सांगितलं नाही."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "उद्या तपासून या," त्या म्हणाल्या. "अहवाल बघू, मग ठरवू. तोवर सिग्नल नाही. कामही आज बंद."

रात्रभर त्याने आशा धरली. आळशीच असेल कान. थोडा कमी, निम्मा. निम्म्या कानाने चालत असेल. मळ काढतील, थेंब देतील. सकाळी बायको बरोबर निघाली. रस्ताभर ती त्याच्या उजव्या हाताला चालली.

तपासणीची खोली म्हणजे फडताळाएवढी एक पेटी होती, भिंतींना मऊ अस्तर लावलेली, एका बाजूला काच. काचेपलीकडे एक तरुण मुलगी बसली होती. तिने त्याला खुर्चीत बसवलं, दोन्ही कानांवर हेडसेट चढवला आणि हातात एक बटण दिलं. "काका, आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी. आधी एका कानाचं, मग दुसऱ्याचं. अजिबात हलायचं नाही."

दार लागलं. हळूमामा बसला. उजव्या कानात टिंग झालं, त्याने दाबलं. पुन्हा झालं, पुन्हा दाबलं. बारीक, आणखी बारीक, अगदी मुंगीच्या पावलाएवढं, तरी त्याने दाबलं. छान चाललंय, त्याला वाटलं. मग उजव्यातलं थांबलं.

आता डावा. त्याने अंगठा बटणावर नीट ठेवला. पाय हलू नयेत म्हणून टाचा जमिनीत रोवल्या. रातकिडा कुरकुरत होता, त्याने त्याला बाजूला सारायचा प्रयत्न केला. काचेपलीकडे मुलगी मान खाली घालून काहीतरी करत होती; यंत्र लावत असेल. तो वाट पाहत राहिला. आयुष्यात इतका वेळ तो कधी इतका स्थिर बसला नव्हता. काचेपलीकडे मुलीच्या मागे बसलेल्या बायकोने ते पाहिलं आणि तिला नवल वाटलं.

शेवटी दार उघडलं. मुलीने हेडसेट त्याच्या डोक्यावरून अलगद काढला.

"डाव्याचं कधी सुरू करता?" त्याने विचारलं.

ती त्याच्या उजव्या बाजूला आली आणि जरा वाकून म्हणाली, "काका, डाव्याचं झालं."

त्याने बटणावरचा अंगठा काढला नाही.